पाना माझा, प्रश्न तुमचे : जुनी गाडी महागली, हौशी माणसानं जायचं कुठं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली, जुन्या गाड्यांच्या भावाची. त्यामुळे टायर, ॲव्हरेज आणि विम्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नवीन वाचकांसाठी सांगते, सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी १९७६ साली टाकलं, १९९३ पासून मी बघते. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही. घरात कुणाची गाडी उभी आहे हे गावभर कळलं की दुसऱ्या दिवशी दारात दलाल येतो, हे मी पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या मसल कारचे लिलाव बघतो. एकेक गाडी कोटींच्या घरात जाते. असं काय आहे त्या गाड्यांत? आणि तिकडचं वारं इकडं कसं लागलं? आमच्या कॉलनीत एक कॉन्टेसा चाकं बसलेल्या अवस्थेत उभी आहे, मालक साडेचार लाख मागायलेत. घ्यावी का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विजापूर रोड, सोलापूर

पहिली गोष्ट अशी की मसल कार, म्हणजे मधल्या मापाच्या गाडीत मोठं इंजिन घातलेली वेगवान गाडी, ही श्रीमंताची गाडी कधीच नव्हती. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटिॲकनं आपल्या मधल्या आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. जनरल मोटर्सचा तेव्हा कंपनीअंतर्गत नियम होता की या मापाच्या गाडीत ३३० घनइंचाच्या वरचं इंजिन घालायचं नाही. मग त्यांनी ती वेगळी गाडी म्हणून आणलीच नाही. टेम्पेस्ट घ्या, वर साधारण २९५ डॉलर द्या, मोठ्या इंजिनाचा संच लावून देतो, असं म्हणून विकली. तीच जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली, किंमत २,३६८ डॉलरपासून पुढं. दोन वर्षांच्या आत दहा लाख मस्टँग रस्त्यावर आल्या. कारखान्यात पाळी करणाऱ्या पोराला हप्त्यावर परवडेल अशी ती वेगवान गाडी होती. आपल्याकडं गिरणीतल्या पोरानं पहिल्या बोनसवर जावा मोटारसायकल घ्यावी, तसं.

मग उलटं फिरलं. अशा गाडीचा विमा तरुण पोरांना परवडेना. धुराचे नियम कडक झाले, १९७१ पासून कंपन्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उतरवायला घेतलं, त्यानं ताकद घटली आणि १९७३ च्या तेलटंचाईनं उरलासुरला जोर काढला. पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलानं जाऊ लागल्या. पोरांनी घेतल्या, पळवल्या, ठोकल्या, गंजवल्या, भंगारात घातल्या. ज्या वाचल्या त्या थोड्या. आणि ज्या मुळातच थोड्या बनल्या होत्या त्यांचं तर विचारू नकोस. क्रायस्लरच्या प्लिमथ शाखेच्या १९७१ च्या 'कुडा गाडीत उघड्या छपराची आणि ७ लिटरच्या हेमी या ताकदवान इंजिनाची अशी जोडी फक्त ११ गाड्यांत बसली. त्यातली एक २०१४ साली सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

भाव चढण्याचं कारण इंजिनात शोधू नकोस, माणसाच्या वयात शोध. सतरा-अठराव्या वर्षी जी गाडी फक्त लांबून बघितली, ती पन्नाशीत हातात पैसा आल्यावर माणूस घेतो. कॉन्टेसाचंही तेच आहे. हिंदुस्तान मोटर्सनं ती १९८४ साली आणली. सांगाडा विलायतेच्या व्हॉक्सहॉलचा आणि सुरुवातीचं इंजिन दीड लिटरचं, पन्नासेक अश्वशक्तीचं. एवढं लांबरुंद धूड ते इंजिन कसंबसं ओढायचं. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठं तिला दम आला. २००२ मध्ये ती बंद झाली. लांब नाक, रुंद बूड, चार दिवे यांमुळं लोक तिला देशी मसल कार म्हणतात आणि ते नाव तिला शोभतंही. आमच्या लहानपणी सोलापुरात कॉन्टेसा आली की आत साखर कारखान्याचा चेअरमन असणार नाहीतर बडा सूतवाला. ज्या पोरांनी ती सात रस्त्यावर सायकलवर बसून बघितली, ते आज पैसे मोजायलेत.

पण एक फरक नीट लक्षात घे, कारण तुझ्या साडेचार लाखांचा निकाल तिथंच लागतो. अमेरिकेत भाव चढले तसे सुटे भाग बनवणारे पुढं आले. १९६७ च्या कॅमारोचा किंवा मस्टँगचा अख्खा पत्र्याचा सांगाडा आजही तिथं कोरा तयार मिळतो. दरवाजाच्या रबरापासून डॅशबोर्डच्या बटणापर्यंत सगळं छापील यादीतून मागवता येतं. म्हणजे गाडी महाग झाली तरी ती जिवंत ठेवण्याची वाट मोकळी राहिली. आपल्याकडं भाव चढला आणि भाग मात्र आले नाहीत. कॉन्टेसाच्या मागच्या लाल दिव्यांची एक जोडी माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं आठ महिने शोधली. शेवटी दुसरी एक गाडी फोडून काढली. प्रत्येक वाचलेल्या गाडीमागं एक फोडलेली गाडी, असं चाललं तर किती दिवस पुरणार?

त्यामुळे तुला सांगते, मालकाला भाव विचारू नकोस, बॉनेट उघडू द्याल का विचार. इंजिन हातानं फिरतं का बघ. मागची सीट उचल, खालचा पत्रा अंगठ्यानं दाब. चारही दिवे, चारही काचांची रबरं, बंपरचं क्रोम यांची यादी कर आणि प्रत्येकापुढं 'मिळेल' की 'नाही मिळणार' एवढंच लिही. 'नाही' पाचाच्या वर गेले तर घेऊ नकोस. सोलापूरच्या उन्हात दहा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीची रबरं चिक्कीसारखी तुटतात.

प्रश्न : माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची १९८३ ची येझदी रोडकिंग गोठ्यात बारा वर्षं उभी आहे. मागं भंगारवाला साडेतीन हजार देत होता. आता पुण्याचा एक व्यापारी आहे त्या स्थितीत एक लाख दहा हजार देतो, उद्याच टेम्पो पाठवतो म्हणतो. मला किक मारायलाही येत नाही. घरचे म्हणतात देऊन टाक. काय करू? – एक शिक्षिका, बार्शी

बाई, उद्याचा टेम्पो आधी थांबवा. बारा वर्षं कुणाला घाई नव्हती, मग आजच का? ज्याला घाई असते त्याला त्या गाडीची खरी किंमत तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

गोठ्यात जाताना आरसी बुक बरोबर घ्या. डिझेलमध्ये बुडवलेला चिंधीचा बोळा घेऊन हँडलच्या खाली, चासीच्या मानेवर जमलेली माती आणि वंगण पुसा. खाली आकडे ठोकलेले दिसतील, तो चासी नंबर. मग इंजिनाच्या खालच्या अंगावरचा नंबर पुसून वाचा. दोन्ही आरसीशी अक्षरन्‌अक्षर जुळले तर तुमच्या गोठ्यात नुसती गाडी नाही, कागदासकट गाडी आहे. आज भाव कागदाला आहे. तोच पत्रा बिनकागदाचा असेल तर भंगाराचा भाव. गाडी वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. नोंदणीची मुदत संपलेली असणार, तिचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं. वीस वर्षांवरच्या दुचाकीला आता २,००० रुपये शुल्क आहे, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. हे सगळं तुम्ही करा, व्यापाऱ्यावर सोडू नका. 'सही फक्त करून द्या, नाव नंतर लावतो' म्हणणाऱ्याला गाडी दिली, तर गाडी त्याची आणि पुढं काही भानगड झाली तर नोटीस तुमच्या दारात.

आता विकण्याचं. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट सांगते. १९६८ च्या एका चित्रपटातल्या पाठलागात अमेरिकी नट स्टीव्ह मॅक्वीननं चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका साध्या कुटुंबानं मासिकातली जाहिरात वाचून सहा हजार डॉलरच्या आसपास घेतली. घरची बाई शाळेत शिकवायची, ती हीच गाडी घेऊन शाळेत जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली, त्यांनी दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती पुढं कित्येक वर्षं. पुढं मुलानं बापाची आठवण म्हणून ती नीट केली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती ३४ लाख डॉलरला पुकारली गेली, कमिशन धरून ३७ लाखांच्या वर. आपल्या रुपयांत पंचवीस कोटींहून जास्त. तुमच्या रोडकिंगला असला भाव येणार नाही हे तुम्हालाही कळतं. मला त्या गोष्टीतली आवडती जागा वेगळी आहे. त्यांनी ती गाडी आधी वापरली. शाळेत नेली, क्लच जाईपर्यंत चालवली.

पैशांची गरज असेल तर मनाला लावून न घेता विका. लेकराची फी, घरातलं आजारपण यापुढं गाडी मोठी नाही. पण गरज नसेल, नुसतं 'चांगला भाव आलाय' एवढंच कारण असेल, तर मला सांगू द्या. २०१५ साली आम्ही सोलापूरहून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नळदुर्गला जायचो. अकरा गाड्या असायच्या, जावा, येझदी, एक राजदूत ३५०. यंत्रमागावरचे दोन कामगार, एक एसटी चालक, एक शिवणकाम करणारे काका, दोन मास्तर, बाकी दुकानदार. पहाटे सिद्धेश्वर तलावापाशी जमायचं, किल्ल्यावर चटणी-भाकरी सोडायची, उन्हं चढायच्या आत परत. आज त्यातल्या चार गाड्या उरल्यात. सात गाड्या बिघडल्या नव्हत्या, विकल्या गेल्या. एकेका घरातून एकदम लाख-दीड लाख दिसले आणि गाडी टेम्पोत चढली. त्यातली एक मी पुढं एका हॉटेलच्या दर्शनी काचेमागं उभी बघितली. इंजिनात ऑइलचा थेंब नव्हता, किकचा दांडा तारेनं बांधलेला. त्या गाडीचे मालक, आमचे शिवणकाम करणारे काका, अजून दर आठवड्याला दुकानात येतात, काउंटरवर बसतात, घेत काही नाहीत.

किक येत नाही हे कारण मात्र मला मान्य नाही. येझदीत डाव्या अंगाला एकच दांडा असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की परत पुढं झुकवायचा, मग गिअर. माझ्या वडिलांनी मला तो दुकानासमोर दुपारच्या वेळी शिकवला, तेव्हा मी अकरावीत होते आणि गल्लीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या. फक्त आत्ता लगेच मारू नका. बारा वर्षांत पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या. मग हातानं दांडा हळूहळू दाबून बघा. आतून 'चुक' असा ओला आवाज आला की समजा जीव आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर काढा, त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल. बार्शीत जुने मिस्त्री अजून आहेत, त्यांच्याकडून कार्बोरेटर साफ करून घ्या. सहा-सात हजारांत गाडी बोलायला लागेल. चालू गाडीचा भाव उभ्या गाडीपेक्षा जास्त येतो, तेव्हा या खर्चात तुमचं नुकसान कुठल्याच बाजूनं नाही. एकदा वडिलांच्या गाडीवर बसून गावाबाहेर चार किलोमीटर जाऊन या. मग ठरवा.

प्रश्न : ताई, मी तीस वर्षं टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करतोय. गिऱ्हाईक दोन लाखाला यामाहाची आरएक्स घेऊन येतं आणि कार्बोरेटर साफ करायचे तीनशे सांगितले तर घासाघीस करतं. भाव गाडीचे चढले, आमच्या हाताचे का नाही? – एक मिस्त्री, अक्कलकोट

भाऊ, तुमचं पत्र मी दुकानात दोनदा वाचून दाखवलं.

आधी माझ्या हातून घडलेलं सांगते. वडिलांचा एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्यात जावा-येझदीचे ओरिजिनल पॉईंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे छोटे स्विच, तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेले. प्रत्येक पुडीवर पेन्सिलनं किंमत. शेवटची खेप १४ रुपयांची. मी गिऱ्हाइकाला शंभर-सव्वाशेला द्यायची. २०१९ साली बाहेरगावचा एक व्यापारी आला, डबा काउंटरवर उपडा केला, बावीस पुड्या मोजल्या आणि एका पुडीला पाचशे या हिशोबानं रोख मांडले. मी दिल्या. घराचं काम काढलेलं होतं. दोन महिन्यांनी अशोक चौकाकडचा आमचा यंत्रमागवाला आला, पाळी संपवून, अंगावर सुताची लव तशीच. 'ताई, पॉईंट जळलाय, एक द्या की.' माझ्याकडं एकही नव्हता. त्यानं त्याच व्यापाऱ्याकडून फोनवर मागवला, अठराशेला. तो मला काही बोलला नाही. त्याच्या पुढच्या फेरीला मी काउंटरवरून उठून त्याला चहा दिला आणि कबूल केलं की चूक माझी होती.

त्या दिवसापासून दुकानात एक नियम आहे. जुना भाग काउंटरवर ठेवल्याशिवाय नवा ओरिजिनल भाग मिळत नाही. जळका पॉईंट आणा, नवा न्या. घासलेली रिंग आणा, नवी न्या. ज्याची गाडी चालते त्याच्याकडंच जुना भाग असतो. साठा करणाऱ्याकडं नसतो. भावही दोन ठेवलेत आणि पाटीवर लिहिलेत.

तुम्हीही तेच करा. हाताचे तास मोजा. कार्बोरेटर उघडणं, जेट फुंकणं, फ्लोटची उंची बघणं, बसवून ट्युनिंग करणं याला तुमचा दीड तास जातो. तासाचा दर ठरवा, फळ्यावर लिहा, बिल द्या. जो रोज गाडी चालवून पोट भरतो त्याला तुम्ही सवलत द्यालच, ते तुमच्या स्वभावात आहे. पण दोन लाखांच्या गाडीवाल्याला तीनशे सांगताना मान खाली घालू नका. आणि एक पोरगं हाताखाली घ्या, पगार देऊन. अक्कलकोट रोड एमआयडीसीत बोअर करणारे एक जुने कारागीर होते. सिलिंडरमध्ये बोट फिरवून किती घासलाय ते सांगायचे, मग मापयंत्र लावलं तरी आकडा तोच. गेल्या वर्षी ते थांबले. मागं कुणी शिकलेलं नाही. आता आमचे सिलिंडर पुण्याला जातात आणि दोन आठवड्यांनी येतात. गाडीचा भाव दुप्पट झाला की बातमी होते. असा हात थांबला त्याची कुणी ओळसुद्धा लिहीत नाही.

प्रश्न : आरएक्स १०० घ्यायची आहे. बजेट लाखापर्यंत. एकजण 'जपान मेड' म्हणून दीड लाख सांगतो. खरं कसं ओळखू? – पंढरपूरचा वाचक

आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून आले आणि एस्कॉर्ट्सनं इथं जुळवले, एवढं खरं आहे. पण आज बाजारात जेवढ्या 'जपान मेड' सांगतात तेवढ्या तेव्हा आल्या असत्या तर बंदरात जागा उरली नसती. स्टिकर, साइड पॅनेल, मीटरची तबकडी सगळं नवं मिळतं. त्यावर विश्वास ठेवू नका.

अमेरिकेतही हाच धंदा चालतो. साध्या इंजिनाच्या गाडीत मोठं इंजिन घालून 'अस्सल हेमी' म्हणून विकतात. पण १९७०-७१ च्या क्रायस्लरच्या गाडीच्या नंबरात पाचव्या जागी आर हे अक्षर असेल तरच ती कारखान्यातून हेमी घेऊन आली. म्हणून तिथले जाणकार बॉनेट उघडायच्या आधी नंबर वाचतात. तुम्हीही नंबर आधी वाचा. आकडे एका रेषेत, एका खोलीचे ठोकलेले हवेत. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील, रंगाचा थर तिथंच जाड असेल, तर चहासुद्धा न घेता निघा. चोरीच्या गाडीवर भंगारातल्या गाडीचा कागद चढवण्याचे प्रकार भाव वाढल्यापासून फार झालेत. सगळं नीट जुळलं तरी दीड लाख देऊ नका. त्यापेक्षा आरएक्स १३५ बघा. तीही महागली आहे, पण तिच्यावर 'जपान'चा कर नाही.

प्रश्न : 'व्हीए' नंबर घेतला की जुन्या गाडीचा भाव वाढतो म्हणतात. खरं का? – सोलापूर

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,०००. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्ही रोज गाडी चालवता, मग हा नंबर तुमच्या उपयोगाचा नाही. साधी नोंदणी चालू ठेवा.

प्रश्न : मी बांधकाम व्यवसायात आहे. गुंतवणूक म्हणून दोन येझदी आणि एक राजदूत ३५० घेऊन ठेवल्यात. पाच वर्षांनी विकेन. तोवर कशा सांभाळू? – होटगी रोड, सोलापूर

साहेब, तुम्ही सरळ लिहिलंत म्हणून सरळच उत्तर देते. उभ्या राहून गाडी सांभाळली जात नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ते बनतं, उसवाल्याला त्याचा पैसा मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. जुन्या काळची रबरी नळी आणि कार्बोरेटरमधली सीलं फुगतात, मऊ पडतात. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला, गाडी ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल, आणि महिनाभराहून जास्त ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून आतून ऑइल फिरवा.

राजदूत ३५० चं वेगळं सांगते. ती १९८३ ला आली तेव्हा ३४७ सीसीची ती गाडी आपल्या माणसाला पेलली नाही. पेट्रोल फार, भाग महाग, आणि ब्रेक त्या वेगाला अपुरे. सात-आठ वर्षांत बंद पडली. तिला तेव्हा ज्यांनी सांभाळलं ते पैसेवाले नव्हते, वेडे होते. आज तुमच्याकडं जी आहे ती त्यांच्या वेडामुळं आहे.

म्हणून विनंती आहे, अटीबिटी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या तीन गाड्या आमच्याबरोबर नळदुर्गला पाठवा. चालवायला माणसं आमच्याकडं आहेत, गाड्या नाहीत. पेट्रोल आमचं, परत आणून पुसून लावू. पाच वर्षांनी विकाल तेव्हा चालती गाडी विकाल. आणि विकताना पहिला फोन याच जिल्ह्यात करा, भाव तुमचाच ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. जुन्या गाड्यांचं वेड लागलंय. येझदी परवडत नाही. वीस हजारात काय येईल? – कुर्डुवाडीची आई

लुना बघा, बजाज एम-८० बघा, नाहीतर टू-स्ट्रोक चेतक. कागद नीट असलेली, चालू नसली तरी चालेल. खेडेगावात दूधवाल्यांकडं एम-८० अजून मिळते आणि तिच्यावर दलालांची नजर पडलेली नाही. लुनाचं इंजिन पोराला घरच्या ओसरीत वर्तमानपत्र अंथरून उघडता येतं. पॉईंट, प्लग, पिस्टन, कार्बोरेटर, टू-स्ट्रोकचं सगळं शास्त्र त्यात आहे, येझदीत जे आहे तेच. पाच हजार बाजूला ठेवा, ते भागांना लागतील.

आणि त्याला सुट्टीत एखाद्या रविवारी दुकानात पाठवा. सकाळी आठ ते अकरा मी गिऱ्हाईक घेत नाही, पोरांना शिकवते. सध्या पाचजण येतात, त्यात दोन मुली. येताना प्लगपाना, बारीक सँडपेपर आणि जुनी सुती बनियन आणायची. नवी नको, तिची लव कार्बोरेटरमध्ये अडकते.